बिडाचा टब: पुन्हा मुलामा चढवायचा की टबच बदलायचा?

पार्श्वभूमी

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आहे. घर दगडी, पुढचा भाग माळवदाचा, मागे नंतर बांधलेलं स्लॅबचं न्हाणीघर. न्हाणीघरात शहाबादी फरशीवर चार पायांवर उभा असलेला साडेपाच फुटी टब, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, आतून पांढऱ्या एनॅमलचा. निजामी अमलात हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, जालना, औरंगाबाद इथे फौजेच्या छावण्या होत्या. अशाच एका छावणीतल्या बंगल्याच्या लिलावातून आजोबांनी हा टब बैलगाडीत घालून आणला, असं घरात सांगतात. त्याला कागदोपत्री आधार नाही. पण टबाची घडण, कडेचा गोल दुमड आणि जाड ओतीव अंग पाहता तो खूप जुना आहे, यात शंका नव्हती.

घरात माई, वय ८१. त्यांचा मुलगा, ज्याला सगळे दादा म्हणतात, त्याची शेती आणि बी-बियाण्यांचं दुकान. वहिनी घर आणि दुकानाचा हिशोब दोन्ही सांभाळतात. थोरला नातू पुण्यात नोकरीला. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं पाहतो. माळवदाच्या गळतीसाठी मला बोलावलं होतं आणि बोलता बोलता टबाचा विषय निघाला. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

अडचण काय होती

टबाचा तळ पिवळट आणि खरखरीत झाला होता. बसलं की अंगाला टोचायचा. पाणी जाण्याच्या भोकाभोवती एनॅमलचे टवके उडून काळा-तांबडा गंज दिसत होता. नळाच्या खाली थेंब पडून पडून एक लांब तपकिरी ओघळ उमटला होता. आणि या सगळ्यावर कधीतरी कुणीतरी पांढरा ऑइलपेंट फासला होता, त्याचे पोपडे सुटून आंघोळ करणाऱ्याच्या पाठीला चिकटायचे.

घरात तीन मतं होती. नातवाने मोबाइलवर ॲक्रिलिकचे टब दाखवून ठेवले होते: "काका, हा भंगारात काढा, नवा हलका टब आणू." वहिनींना टबच नको होता, ती जागा वॉशिंग मशीनला हवी होती. दादा म्हणाले, "आमच्या आज्याची वस्तू हाये. मोडायचा इचार माझ्यापुढं काढू नका." माईंना त्या वेळी कुणी विचारलं नाही. त्याही काही बोलल्या नाहीत.

आधी टब तपासला

बदलायचा की दुरुस्त करायचा, हे वरच्या रंगावरून ठरत नाही, अंगावरून ठरतं. म्हणून आधी लोहचुंबक लावला. तो घट्ट चिकटला, म्हणजे फायबर नव्हे. मग बोटाच्या पेराने ठोकलं. पत्र्याचा टब पातळ, पोकळ वाजतो. हा जड, बसका वाजला. टॉर्च घेऊन खालून पाहिलं. बाहेरच्या अंगाला वरवरचा गंज होता, पण टोकदार हत्याराने टोचल्यावर कुठेही पापुद्रा सुटला नाही की भोक पडलं नाही. चारही पाय शाबूत होते. तडा नव्हता. बिडाच्या टबाला तडा असेल तर विषय तिथेच संपतो. बीड घरच्या घरी जोडता येत नाही आणि वेल्डिंगच्या उष्णतेने उरलेलं एनॅमलही उडतं.

एनॅमल म्हणजे रंग नव्हे, हे दादांना आणि नातवाला दोघांनाही नीट समजावून सांगावं लागलं. ती काच असते. लालबुंद तापलेल्या बिडावर काचेची पूड भुरभुरवतात, ती ८०० अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानाला वितळून धातूला धरते. म्हणून ती दशकानुदशकं टिकते. आणि म्हणूनच ती न्हाणीघरात उभं राहून पुन्हा चढवता येत नाही. बाजारात "री-एनॅमलिंग" नावाने जे मिळतं ते जवळजवळ नेहमी दोन घटकांचा रंगच असतो, इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन, स्प्रे-गनने मारलेला. तो चांगलाही असतो, पण त्याचं आयुष्य रंगाचं, काचेचं नाही. ही एक गोष्ट कळली की दर विचारताना माणूस फसत नाही.

मग ही काच झिजली कशाने? दोन कारणं सापडली. पहिलं, ॲसिड. दारावर येणाऱ्याकडून बाटलीत घेतलेलं ॲसिड वर्षानुवर्षं टबात ओतलं जात होतं. ते हायड्रोक्लोरिक. क्षाराचा पांढरा थर त्याने फसफसून निघतो, टब त्या दिवशी लख्ख दिसतो; पण जुन्या एनॅमलला आम्ल सोसत नाही. दर वेळी काचेची चकाकी थोडी खाल्ली जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो, खरखरीत जागी क्षार आणखी घट्ट बसतो आणि मग आणखी ॲसिड. टवका उडालेल्या जागी तर ते थेट लोखंड खातं.

दुसरं कारण पाणी. बोअरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला, तर एकूण काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, लिटरला ७०० मिलिग्रॅमच्या घरात निघालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बेसॉल्टच्या खडकातून येणारं आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा जडच असतं. त्यात नळ गळका. थेंबाथेंबाने सुकत जाणारं असं पाणी म्हणजे रोज चढणारा क्षाराचा लेप.

टब खरं काय काम करत होता

या प्रकरणाला वळण मिळालं ते माझ्या एका साध्या प्रश्नाने: टबात आंघोळ करतं कोण?

उत्तर आलं, कुणीच नाही. दिवाळीत पोरं डुंबतात तेवढीच. एरवी टब भरून ठेवलेला असतो. नळाला आठवड्याने पाणी येतं, तेव्हा हंडे, पिंप, बादल्या आणि टब, जे हाती लागेल ते भरायचं. दादा म्हणाले, "सायेब, २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तवापास्नं आमच्यात रिकामं भांडं कुणी ठिवत न्हाई." त्या एप्रिल महिन्याची आठवण या भागात अजून ताजी आहे, आणि ती ज्याला आहे त्याला टब रिकामा ठेवा म्हणून सांगणं सोपं नसतं.

म्हणजे हा आंघोळीचा टब उरलाच नव्हता, तो हौद झाला होता. टबाच्या कडेपासून वीतभर खाली सगळीकडून फिरलेली पिवळी रेघ हीच साक्ष देत होती. आणि इथे निर्णयाचं गणितच बदललं, कारण गनने मारलेला कुठलाही रंग दिवसरात्र साचलेल्या पाण्याखाली ठेवला की त्याला फोड येतात. पाणी बारीक छिद्रांतून आत शिरतं, रंग आणि काच यांच्यामध्ये बसतं. आंघोळीपुरतं भरून सोडून द्यायच्या टबाला जो रंग आठ-दहा वर्षं पुरेल, तो हौदाला दोन वर्षंही पुरणार नाही.

पर्याय

कारखान्यात नेऊन खरं एनॅमल चढवणं हा पर्याय मनात सगळ्यात वरचा, पण व्यवहारात सगळ्यात लांबचा. टब सोडवून, वाळूच्या माऱ्याने जुनी काच उडवून, एवढा मोठा नग भट्टीत तापवणारा कारखाना हवा. आम्ही चौकशी केली त्यांच्यापैकी कुणीही एकाच टबासाठी भट्टी लावायला तयार नव्हतं. शिवाय न्हाणीघराचं दार नंतर बांधलेलं आणि अरुंद; टब बाहेर काढायचा तर भिंत फोडावी लागणार होती.

नवा ॲक्रिलिकचा टब साधारण २८,००० रुपयांना मिळत होता. पण तो आकडा फसवा होता. जुना बाहेर काढणं, फरशी, नळजोड, सांडपाण्याचा उतार नव्याने करणं धरून हिशोब ६०,००० च्या पुढे गेला. त्यात ॲक्रिलिकला खालून सगळीकडून आधार लागतो, नाहीतर तळ दबतो आणि चिरतो. आणि जड पाण्याचा थर ॲक्रिलिकवरही बसतो. तो घासायला तारेची घासणी घेतली की चकाकी गेली.

टब काढून टाकायचा, तर भंगारवाल्याने किलोला तीस-पस्तीस रुपये सांगितले. त्याची पद्धत सगळीकडे असते तीच: घणाचे घाव घालून जागेवरच तुकडे करायचे आणि पोत्यात भरून न्यायचे. बीड ठिसूळ, ते फुटतं. सव्वाशे-दीडशे किलोच्या टबाचे चार-पाच हजार रुपये आले असते. हा पर्याय सगळ्यात स्वस्त आणि एकमेव असा की त्यातून परत फिरता येत नाही.

गावातल्या गॅरेजचा पेंटर ६,००० रुपयांत लांबी (पुट्टी) भरून गाडीचा रंग मारून द्यायला तयार होता. हैदराबादहून येणारा टबाचंच काम करणारा कारागीर प्रवासासह १८,००० मागत होता. आणि काहीच न करता फक्त पोपडे खरवडून, नळ दुरुस्त करून, ॲसिड बंद करून टब आहे तसा ठेवणं, हाही पर्याय मी मांडला. लोक तो पर्याय धरतच नाहीत, पण जिथे टब फक्त पाणी साठवायला आहे तिथे तोच शहाणपणाचा होता.

निर्णयाच्या जागा

पहिला निर्णय टबाचा नव्हताच, पाण्याचा होता. साठवणीची वेगळी सोय झाल्याशिवाय टबावर एक रुपयाही घालू नका, असं मी स्पष्ट सांगितलं. दादा आधी कुरकुरले. मग वहिनींनीच हिशोब मांडला: टबात मावतं दोनशे लिटरच्या आत, तेवढ्यासाठी न्हाणीघर अडवण्यापेक्षा मागच्या पडवीत १,००० लिटरची झाकणाची प्लास्टिकची टाकी बसवली तर पाच टबांचं पाणी साठेल आणि उघड्या पाण्यात डासही होणार नाहीत. हा मुद्दा त्यांचा, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा. जुन्या एनॅमलच्या काचेत शिसं असू शकतं, म्हणून टबातलं पाणी स्वयंपाकाला घेऊ नये, हेही त्या वेळी बोलणं झालं.

दुसरा निर्णय माईंचा. टाकीचं ठरल्यावर मी त्यांना विचारलं, "माई, तुम्हाला काय हवंय?" त्या म्हणाल्या, थंडीत गुडघे धरतात, डॉक्टर गरम पाण्यात बसायला सांगतात, पण टबाची कड ओलांडवत नाही. कड मोजली तर फरशीपासून दोन फुटांना थोडी कमी. ८१ वर्षांच्या बाईने ओल्या पायाने ती ओलांडणं म्हणजे खुब्याच्या हाडाला आमंत्रण. नवा टब आणला असता तरी हा प्रश्न सुटला नसता, कारण त्याचीही कड फार खाली नव्हती. म्हणून टबाशेजारी, टबाच्या कडेच्याच उंचीचा पक्का ओटा बांधायचं ठरलं. त्यावर आधी बसायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, आणि भिंतीत घट्ट बसवलेला स्टीलचा दांडा धरायचा. पाणी तिसरा हिस्साच भरायचं. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. काठोकाठ भरलेला एक टब त्याहून जास्त पितो. गुडघे बुडायला साठ लिटर पुरतं.

आता टबात माणूस बसणार होता, मग तळ गुळगुळीत हवाच. म्हणजे रंग. इथे तिसरा निर्णय: कोणाकडून?

गॅरेजचा पेंटर हाताने कुशल होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुना ऑइलपेंट काढायला तो पेंट रिमूव्हरचा डबा घेऊन आला आणि मी त्याला दारातच थांबवलं. अशा रिमूव्हरमध्ये बऱ्याचदा मिथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती टबाच्या खोलगट भागात साचते, आणि काम करणारा माणूस नेमकं तिथेच डोकं घालून वाकलेला असतो. शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टब रंगवणारे १३ कामगार असेच न्हाणीघरात मेल्याची सरकारी नोंद आहे. आपल्याकडे अशी नोंद कोण ठेवतो? एक फुटी झरोक्याच्या न्हाणीघरात तो डबा उघडणं मला कुठल्याही दराने मान्य नव्हतं. पेंटर चांगला माणूस होता, त्याला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्याने डबा परत नेला आणि पुढे खरवडण्याच्या कामात तोच मदतीला राहिला.

प्रत्यक्ष काम

टाकी आधी बसली. मग नळाचा वायसर बदलला. काही रुपयांचं काम, पण त्या थेंबाने टबाचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नव्हतं.

ऑइलपेंट ओला करून करून ब्लेडने खरवडला. कोरडा घासू दिला नाही, कारण घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती हे डब्यावरही कळत नाही. खाली प्लास्टिक अंथरून खरवड गोळा केली. क्षार काढायला लिंबाच्या सताचं पातळ पाणी थोडा थोडा वेळ लावून लगेच धुतलं, रात्रभर मुरवलं नाही. भोकाभोवतीचा गंज लखलखीत धातू लागेपर्यंत घासला आणि टवके इपॉक्सी लांबीने भरले.

हैदराबादचा कारागीर फेब्रुवारीत आला. महिना मुद्दाम निवडला होता. पावसाळ्यात दमटपणाने रंग पांढुरका पडतो. एप्रिल-मेच्या उन्हात द्रव्य गनमधून निघता निघता सुकतं आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. त्याने सगळ्यात जास्त वेळ धुण्यात घालवला. आमच्याकडे दिवाळीत अंगाला तेल लावून टबात उतरतात. ते तेल खरखरीत काचेत मुरलेलं असतं, आणि तेलावर कुठलाही रंग धरत नाही. काच ओरबाडायला काही लोक हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात. ते त्वचेतून हाडापर्यंत जाणारं भयंकर द्रव्य आहे. ते चालणार नाही, हे मी आधीच फोनवर ठरवून घेतलं होतं. त्याने पॉलिश पेपरने घासून, काचेला पकड देणारं प्रायमर लावून काम केलं. हवा पुरवणारा मास्क, झरोक्यात बाहेर फेकणारा पंखा, आणि माईंना तीन दिवस लेकीकडे पाठवलं. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधल्या (रंग कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकातल्या) आयसोसायनेटने दम्याचा त्रास जडतो. म्हाताऱ्या माणसाला त्या घरात ठेवण्यात अर्थ नव्हता.

एक पेच कामाच्या मध्यावर आला. टबाच्या भोकातली पितळी जाळी काढून तिच्या खालपर्यंत रंग गेला पाहिजे, मग पाण्याला शिरायला कड उरत नाही. पण ती क्षाराने अशी घट्ट झाली होती की पान्याला दाद देईना. जोर लावला तर भोकाभोवतीचं बीडच चिरण्याची भीती. सगळ्यांनी मिळून जाळी तशीच ठेवून तिच्या कडेपर्यंत रंग मारायचं ठरवलं.

काय झालं

टाकी, ओटा, दांडा, नळ आणि रंग मिळून खर्च ४०,००० च्या थोडा आत राहिला. त्यातले टबावर थेट गेले निम्म्याहून कमी.

दीड वर्षानंतर मी पाहिलं तेव्हा तळ आणि बाजू उत्तम होत्या, चकाकी कायम. माई हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा बसत होत्या, ओट्यावरून, दांडा धरून. वहिनींना वॉशिंग मशीनची जागा मिळाली ती पडवीत, टाकीशेजारी.

दोन ठिकाणी मात्र रंग सुटला होता. पितळी जाळीच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढा फोड आला होता, जिथे येणार असं वाटत होतं तिथेच. आणि तळाला गोल गोल चट्ट्यांची रांग. नातवाने आजी घसरू नये म्हणून पुण्याहून प्रेमाने आणलेली चोखणीची, म्हणजे खालच्या वाट्यांनी ओढून चिकटणारी, रबरी चटई टबातच चिकटवलेली राहत होती. चोखण्या काढताना रंगही ओढून काढतात, आणि त्यांच्याखाली पाणी साचून राहतं ते वेगळंच. घसरण्याची काळजी रास्त होती. आता चोखण्या नसलेली साधी चटई वापरतात आणि आंघोळ झाली की ती दोरीवर वाळत टाकतात.

काय वेगळं करता आलं असतं

जाळी काढण्याचा आणखी एक मार्ग होता. हॅकसॉच्या पात्याने ती आतल्या बाजूने दोन जागी कापून, आत दुमडून काढायची आणि रंगानंतर नवी बसवायची. त्याला अर्धा दिवस आणि नव्या जाळीचे काही शे रुपये लागले असते. कारागिराची परतीची गाडी त्या रात्रीची होती, आणि घाईचा निर्णय नेहमी सोप्या बाजूला झुकतो. असं काम असेल तर कारागिराचा एक दिवस जास्तीचा धरूनच दर ठरवावा.

माईंना पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. ओट्याची गरज आधी कळली असती तर कदाचित दुसराच विचार झाला असता: टब न रंगवता खरवडून ठेवायचा आणि माईंसाठी बसकी, रुंद घमेल्यासारखी पाय शेकायची सोय वेगळी करायची. ते अधिक स्वस्त झालं असतं. अधिक चांगलं झालं असतं का? माईंना विचारलं तर त्या म्हणतात, टबात बसल्यावर पाठही शेकते.

चटईची सूचना कारागिराने तोंडी दिली होती, दादांना. नातवापर्यंत ती पोचलीच नाही. आता न्हाणीघराच्या कपाटात आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर रंगाचा प्रकार, तारीख, "ॲसिड नाही, तारेची घासणी नाही, चोखणीची चटई नाही, पाणी साठवायचं नाही" एवढं मोठ्या अक्षरात. जाळीजवळचा फोड वाढला तर तेवढाच भाग घासून, जाळी कापून, पुन्हा रंग मारायचा, हेही त्यातच लिहिलं आहे. खाली हैदराबादच्या कारागिराने वापरलेल्या प्रायमरचा प्रकार नोंदला आहे, म्हणजे पुढच्या माणसाला अंदाजाने काम करावं लागणार नाही.